ठासणीचे रिव्हॉल्वर काडतुसावर कसे आले

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या १९६६ च्या चित्रपटात नायकाच्या हातातले कोल्टचे 'नेव्ही' रिव्हॉल्वर धातूच्या काडतुसांवर चालते, आणि कथानक मात्र १८६२ मधील अमेरिकी यादवीचे आहे. तेव्हा ठासणीच्या रिव्हॉल्वरचे असे रूपांतर त्या युद्धात सर्रास होत असे, हा समज पसरला तर नवल नाही. वस्तुतः त्या युद्धातील कोल्ट-रेमिंग्टनच्या सिलिंडरातील प्रत्येक घरात पुढल्या तोंडाने दारू व गोळी ठासावी लागे आणि मागे स्फोटक टोपी चढवावी लागे.

मग रूपांतर लांबले ते कारागिरांना विद्या अवगत नव्हती म्हणून, असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नव्हे. सिलिंडर आरपार छेदून त्यात मागून काडतूस भरण्याच्या युक्तीचे पेटंट रोलिन व्हाइट या इसमाने ३ एप्रिल १८५५ रोजी मिळवले होते, आणि १८५६ मध्ये दर रिव्हॉल्वरमागे पंचवीस सेंट देण्याच्या करारावर स्मिथ अँड वेसन कंपनीने त्याचा मक्ता घेतला. करारातील चतुराई अशी की, पेटंटाच्या रक्षणार्थ कोर्टकज्जे करण्याचा भार व्हाइटच्याच शिरावर राहिला. या कायदेशीर तटबंदीपुढे कोल्टने १८६८ मध्ये थुअर नावाच्या शोधकाची, निमुळती काडतुसे पुढूनच भरण्याची, काहीशी ओढूनताणून जुळवलेली पद्धत काढली. रेमिंग्टनने त्याच वर्षी रीतसर मोबदला देऊन परवानगी घेतली. आणि ज्या इंग्लंडात व्हाइटच्या अमेरिकी पेटंटाचा अंमल नव्हता, तेथे लष्कराची ब्यूमाँट-ॲडम्स रिव्हॉल्वरे याच सुमारास बिनदिक्कत काडतुसावर आणली गेली. १८६९ मध्ये व्हाइटच्या पेटंटाची मुदत सरली. ती वाढवून देणारे विधेयक काँग्रेसने संमत केले असताही राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये ते नामंजूर केले, आणि मार्ग मोकळा झाला.

ही रूपांतरे म्हणजे गावठी लोहाराची ठिगळे, हा समज तर त्या कारागिरीवर अन्यायच होय. खाजगी बंदूकसाजांनी काही केली खरी. परंतु कोल्टच्या हार्टफर्ड येथील कारखान्यात चार्ल्स रिचर्ड्सच्या १८७१ च्या पेटंटानुसार सिलिंडरची मागली बाजू कापून तेथे काडतूस भरण्याच्या झडपेसह एक चकती बसवली जाई, आणि ठासणीचा दांडा काढून रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारी सळई लावली जाई. विल्यम मेसनने पुढे आघाताची खीळ थेट घोड्यावरच आणली. यामागे व्यवहार होता: जुन्या सुट्या भागांचा साठा मोडीत काढण्यापेक्षा विकणे फायद्याचे होते, आणि कोल्टचे सर्वस्वी नवे 'सिंगल ॲक्शन आर्मी' १८७३ मध्येच अवतरले.

ही शस्त्रे आजच्या काडतुसांवर चालतील, हा समज मात्र प्राणघातक ठरू शकतो. त्यांचे लोखंड-पोलाद काळ्या दारूच्या सौम्य दाबापुरते घडवलेले आहे. शिवाय 'नेव्ही'च्या नळीचा व्यास सुमारे .३७५ इंच असताना आजची तथाकथित '.३८'ची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते, म्हणजे ती नळीत नीट धरलीही जात नाही.

आपल्याकडे आणखी एक भ्रम आढळतो: शंभर वर्षांच्या जुन्या शस्त्राला परवाना नको. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील सवलत कालबाह्य, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना आहे, पण ती दुरुस्तीनंतरही बंदुकीसारखी वापरण्याजोगी नसली तरच. चालू स्थितीतले रूपांतरित रिव्हॉल्वर, मग ते आजोबांच्या पेटीत सापडलेले का असेना, त्या सवलतीत बसत नाही.