नव्या सायकलीचा साज

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्यात नवी सायकल घेणारा मनुष्य प्रथम रंगीत गोंड्यांच्या व झालरींच्या मोहात पडतो. परंतु माझ्या मते पहिला मान दिव्यास द्यावा, कारण रात्री मागून येणाऱ्या मोटारीस आपले अस्तित्व कळणे हाच सर्वांत निकडीचा बंदोबस्त होय. टायरवर घासून ६ व्होल्टची वीज निर्माण करणाऱ्या जुन्या डायनॅमोवरील दिवा चाक थांबताच विझत असे, आणि नेमका चौकात, जेथे धोका अधिक, तेथेच स्वार अंधारात उभा राही. बॅटरीच्या दिव्यांत हा दोष नाही, म्हणून पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा विनाविलंब बसवावा. मग घंटी, पंप आणि पावसाळ्यापूर्वी मडगार्ड यांची तजवीज करावी. कुलूप मात्र नुसत्या चाकास न घालता फ्रेमसह खांबास जखडावे.