निरोगी गायही मोजा

१९९९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली वयस्कर माणसं मेंदूज्वरानं रुग्णालयात येऊ लागली. आरोग्य यंत्रणेनं निदान केलं सेंट लुईस एन्सेफलायटिसचं, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या जुन्या, ओळखीच्या आजाराचं. त्याच दिवसांत शहरात कावळे मरून पडत होते आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात फ्लेमिंगो दगावत होते. तिथल्या पशुवैद्यक ट्रेसी मॅकनमारा यांना हे निदान पटेना. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांच्या अंगात राहतो, पण सहसा त्यांना मारत नाही. घोड्यांना होणारा पूर्वेकडचा मेंदूज्वर म्हणावा, तर त्यात एमू आधी जायला हवे होते, आणि संग्रहालयातले एमू ठणठणीत होते! मॅकनमारा यांनी नमुने पुढच्या प्रयोगशाळांकडे धाडले, पाठपुरावा केला. सप्टेंबर संपता संपता उत्तर आलं: वेस्ट नाईल. पश्चिम गोलार्धात हा विषाणू तोवर कधीच आढळला नव्हता.

कोण आजारी नाही, हे विचारण्याची ही सवय म्हणजे क्षेत्रीय साथरोगशास्त्राचा गाभा. पशुवैद्याचं सगळं शिक्षण समोर बांधलेल्या जनावराभोवती फिरतं: ताप बघा, तोंड उघडा, निदान करा, इंजेक्शन द्या. ते हवंच. पण साथ एका गोठ्यात मावत नाही.

कोण आजारी नाही, हे वेळेत न विचारल्याची किंमत मलेशियात माणसांनी मोजली. १९९८ च्या सप्टेंबरपासून पेराक राज्यात डुकरं पाळणारे लोक मेंदूज्वरानं आजारी पडू लागले. जपानी मेंदूज्वर समजून डासांवर फवारणी झाली, लसीकरण झालं. पण तो आजार बहुधा मुलांना गाठतो आणि इथे आडवे पडत होते डुकरांत राबणारे प्रौढ पुरुष. लस घेतलेलेही सुटत नव्हते. फार्मवरची डुकरं तर मोठमोठ्यानं खोकत होती. घाबरलेल्या मालकांनी ती विकून टाकली आणि विकलेल्या डुकरांबरोबर साथ दक्षिणेकडे गेली. मार्च १९९९ मध्ये निपाह हा नवा विषाणू सापडला, तोवर फार उशीर झाला होता. मलेशियात २६५ जणांना लागण झाली, १०५ दगावले आणि दहा लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली.

असे प्रश्न विचारायला शिकवता येतं. अमेरिकेत १९५१ पासून ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ डॉक्टरांना थेट साथीच्या गावात पाठवून घडवते आणि तिच्यात पशुवैद्यही घेतले जातात. थायलंडमध्ये डॉक्टरांसाठीचा असा अभ्यासक्रम १९८० मध्ये सुरू झाला. २००४ च्या बर्ड फ्लूनं हादरल्यावर तिथे पशुवैद्यांसाठीही स्वतंत्र प्रशिक्षण उभं राहिलं. आफ्रिकेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं आखलेला ‘इसाव्हेट’ कार्यक्रम तर खास तालुका पातळीवर नोकरीत असलेल्यांसाठी आहे. त्याचा पहिला वर्ग २०१८ मध्ये युगांडात भरला. एक महिना वर्ग आणि प्रत्यक्ष भेटी, मग तीन महिने आपापल्या कामाच्या ठिकाणी खरीखुरी पाहणी. हे तीन महिनेच मोलाचे, कारण तिथे नकाशा आपल्याच गावांचा असतो.

अशा प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात? समजा, एका गावात गुरांचा लम्पी त्वचारोग शिरला आहे. आधी ठरवायचं, लम्पीचं जनावर कोणाला म्हणायचं: ताप आणि अंगभर घट्ट, गोल गाठी. मग गोठ्यागणिक फिरून मोजायचं. गावात २०० गुरं, ३० आजारी, त्यांतली ६ लस टोचलेली. एवढंच कळलं तर चावडीवर बोलणं ठरलेलं, ‘लस देऊनही गुरं पडतात की!’ आता निरोगी गुरंही मोजा. लस टोचलेली १२०, न टोचलेली ८०. म्हणजे टोचलेल्यांत १०० मागे ५ आजारी, न टोचलेल्यांत ३०. अफवेला उत्तर मिळालं, तेही त्याच गावच्या गोठ्यांतून. पुढचा प्रश्न: गेल्या २८ दिवसांत नवं जनावर कोणी आणलं, कोणत्या बाजारातून? लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एवढा काळ जाऊ शकतो, म्हणून चौकशी कालपरवापाशी थांबवून चालत नाही.

पण अशा मोजणीच्या वाटेत अडचणी आहेत. पहिली लपवाछपवीची. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पीच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. सरकारनं लस मोफत दिली, मृत दुभत्या गाईमागे ३० हजार रुपयांची मदत जाहीर केली. त्या मदतीचं महत्त्व पैशापुरतं नाही. बाजार बंद होणार, हाती काही येणार नाही, असं वाटलं की शेतकरी आजार झाकतो. मग पशुवैद्य कितीही शिकलेला असो, त्याच्या हाती आकडे येतात ते अर्धवट.

दुसरी अडचण वेळेची. तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याच्या मागे उपचार, कृत्रिम रेतन, लसीकरण, शवविच्छेदन असं सगळं असतं. घरोघर मोजणी हे या यादीत उरल्या वेळचं काम ठरतं. ते कामाचा भाग म्हणून नेमून दिलं, त्यासाठी गाडी आणि दिवस दिले, तरच प्रशिक्षण अंगी लागेल.

वेळ मात्र फार लागतोच असं नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं उदाहरण घ्या. २००६ च्या सुरुवातीला तिथल्या पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्यांची मरतूक वाढली, तेव्हा ती नेहमीची मानमोडी, म्हणजे राणीखेतच, समजली गेली. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेच्या अहवालानं देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. पोल्ट्रीवाल्यांकडे रोजच्या मरतुकीची वही असते. चार शेडच्या वह्या शेजारी ठेवून मरतूक कोणत्या तारखेला कुठल्या शेडमध्ये चढली हे मांडायला एक दुपार पुरते, आणि प्रयोगशाळेला नमुना त्याच संध्याकाळी निघू शकतो.