जुनी पिकअप ‘मिसिंग’ मारते, गिअर अडतो... दोष इंजिनात की गिअरबॉक्समध्ये?

टोमॅटोचे क्रेट किंवा कांद्याच्या गोण्या भरून पहाटे बाजार समितीकडे निघालेली पिकअप चढावर अचानक झटके देऊ लागते. दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना ‘खर्रर्र’ आवाज येतो. गॅरेजमध्ये एक जण ‘नोझल गेले’ म्हणतो, दुसरा ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असे सांगतो. दहा-बारा वर्षे चाललेल्या पिकअपच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. चुकीच्या निदानामुळे हजारो रुपये खर्च होतात, गाडी चार दिवस उभी राहते आणि मूळ दोष तसाच राहतो. तो टाळण्यासाठी कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात, याविषयी...

‘मिसिंग’ म्हणजे नेमके काय?

चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन जळते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एकूण १६०० वेळा ज्वलन होते. एक सिलिंडर बंद पडला की हा आकडा १२०० वर येतो. लय तुटते, गाडी थरथरते, पिकअप घेत नाही आणि डिझेल जास्त खाते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबल्याने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. त्यामुळे हवा, डिझेल आणि दाब (कॉम्प्रेशन) या तिन्हींपैकी एकात कमतरता आली की मिसिंग सुरू होते.

झटका इंजिनाचा की गिअरचा, हे कसे ओळखावे?

गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये रेस हळूहळू वाढवावी. तेव्हाही आवाज तुटक येत असेल तर दोष इंजिनाकडे आहे. न्यूट्रलमध्ये सारे ठीक, पण माल भरल्यावर झटके बसत असतील तर रिकाम्या रस्त्यावर एकच वेग वेगवेगळ्या गिअरमध्ये धरून पाहावा. झटके इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलत असतील तर इंजिन तपासावे. गिअर बदलूनही ठरावीक वेगालाच हादरा बसत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा यूजे क्रॉस, सेंटर बेअरिंग किंवा चाके यांच्याकडे पाहावे. इंजिनाचे माउंटिंग रबर फाटले असेल तर इंजिन जागेवर हलते आणि एकाच वेळी झटकाही बसतो, गिअरही नीट पडत नाही. स्वस्तातला हा दोष आधी पाहिला तर मोठे काम वाचू शकते.

मिसिंगची तपासणी कुठून सुरू करावी?

सुरुवात डिझेल फिल्टरपासून करावी. पावसाळ्यात किंवा शेतावर ड्रममध्ये साठवलेले डिझेल वापरल्यास टाकीत पाणी उतरते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. फिल्टर चोक झाला असेल तर गाडी रिकामी असताना ठीक चालते आणि चढावर दम सोडते. पाइप चिरला किंवा क्लिप सैल झाली तर गाडी ‘एअर धरते’. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू व्हायला वेळ लागणे, ही त्याची खूण. त्यानंतर एअर फिल्टर आणि टर्बोचे रबरी होज पाहावेत. होज फाटला की शिटीसारखा आवाज येतो आणि काळा धूर वाढतो.

धुराचा रंग काय सांगतो?

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. थंड इंजिनातून थोडा वेळ पांढरा धूर येणे नवे नाही. पण इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल आणि मिसिंगही असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल न जळता बाहेर पडत असण्याची शक्यता असते. पांढऱ्या धुराबरोबर रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी चालवू नये.

नोझल तपासताना धोका कोणता?

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करतात. नट सैल करूनही आवाजात फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर बंद आहे, हे कळते. कॉमन रेल इंजिनावर मात्र ही पद्धत कदापि वापरू नये. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो. इतक्या दाबाची धार कातडीत घुसते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. कॉमन रेलमध्ये स्कॅनर लावून आणि प्रत्येक नोझलमधून परत येणारे डिझेल बाटल्यांत मोजून दोष शोधतात. ज्या नोझलचे परतीचे डिझेल इतरांपेक्षा बरेच जास्त, ते झिजलेले. सर्व नोझल ठीक असतील तर शेवटी कॉम्प्रेशन मोजावे. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटचे काम निघते.

सीएनजी आणि पेट्रोलच्या छोट्या गाड्यांचे काय?

तिथे स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल आधी पाहावे. स्कॅनरवर ‘पी ०३०२’ कोड आला तर दुसरा सिलिंडर मिसिंग करतो आहे, असा त्याचा अर्थ. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लावून पाहावी. कोड ‘पी ०३०३’ झाला तर कॉइल खराब आहे. कोड तोच राहिला तर प्लग, इंधन किंवा कॉम्प्रेशन तपासावे.

गिअर अडतो, तेव्हा गिअरबॉक्सच खराब असतो का?

नाही. इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि सुरू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचचे ऑइल, मास्टर व स्लेव्ह सिलिंडर किंवा केबलची ॲडजस्टमेंट आधी तपासावी. इंजिन बंद असतानाही गिअर कडक असेल तर लिव्हरचे बुश आणि लिंकेज पाहावे. फक्त एकाच गिअरला ‘खर्रर्र’ होत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. गिअरबॉक्स उघडण्याची वेळ तेव्हा येते. चालताना गिअर आपोआप सटकत असेल तरीही तेच. रेस वाढते पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट संपली आहे.

गिअर ऑइलचाही वाटा असतो. ‘जीएल-४’ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ‘जीएल-५’ ओतल्यास पितळी सिंक्रो रिंगचे नुकसान होऊ शकते. पुस्तिकेत दिलेलाच ग्रेड वापरावा.

तोपर्यंत गाडी चालवावी का?

सपाट रस्त्यावर, रिकामी गाडी गॅरेजपर्यंत नेणे वेगळे आणि माल भरून माळशेज किंवा कसारा घाट उतरणे वेगळे. उतारावर खालचा गिअर पडला नाही तर इंजिनाचा रोध मिळत नाही. सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. त्यामुळे गिअर सटकत किंवा अडत असेल तर भरलेली गाडी घाटात नेऊ नये.

मिस्त्रीला काय सांगावे?

‘गाडी झटके देते’ एवढे पुरत नाही. थंड की गरम इंजिनात, रिकामी की भरलेली, कोणत्या गिअरला, किती वेगाला आणि धूर कोणत्या रंगाचा, हे लिहून न्यावे. झटक्याचा आणि धुराचा मोबाइलवर व्हिडीओ काढावा. तो सोबत बसलेल्या व्यक्तीने काढावा, चालकाने नव्हे. आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच, माउंटिंग व लिंकेज तपासले का, हे जरूर विचारावे.