पाठकोऱ्या कागदांवरचा खर्डा

उत्क्रांतीचा धडा शिकवताना वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतो. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून इंग्लंडला परतला १८३६ मध्ये आणि 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले १८५९ मध्ये. मग मधली तेवीस वर्षे तो करत काय होता? लोकक्षोभाला भिऊन तो गप्प बसला, असे उत्तर बहुधा दिले जाते. त्यात थोडे तथ्य असेलही. पण त्याच्या लिखाणाची हकिगत नीट पाहिली, तर आमच्या मते दुसरेच कारण अधिक ठळक दिसते. पुस्तकाचा पहिला खर्डा काही केल्या पुरा होत नव्हता.

सुरुवात तशी लवकर झाली होती. १८४२ च्या उन्हाळ्यात डार्विनने आपल्या सिद्धांताचा आराखडा पेन्सिलीने लिहून काढला. तो अवघा ३५ पानांचा होता. दोन वर्षांनी त्याने तो वाढवला आणि गावच्या शाळामास्तरांकडून त्याची स्वच्छ नक्कल करून घेतली. ही नक्कल २३१ पाने भरली. ५ जुलै १८४४ रोजी त्याने पत्नी एमा हिच्या नावे एक पत्र लिहून ठेवले. आपण अचानक मरण पावलो तर या लिखाणाच्या प्रकाशनासाठी ४०० पौंड खर्च करावेत आणि योग्य संपादक शोधावा, अशी विनंती त्यात होती. म्हणजे सिद्धांत तेव्हाच उभा होता. मात्र पुस्तक झाले नव्हते, हे डार्विनला स्वतःला पक्के ठाऊक होते. त्यानंतर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे त्याने बार्नॅकल या समुद्री जीवांच्या अभ्यासाला दिली.

अखेर १८५६ च्या मे महिन्यात, भूवैज्ञानिक मित्र चार्ल्स लायेल याच्या आग्रहावरून, त्याने मोठा ग्रंथ लिहायला घेतला. 'नॅचरल सिलेक्शन' असे त्याचे नाव ठरले होते. इथे खरी अडचण सुरू झाली. डार्विनला प्रत्येक विधानामागे पुरावा हवा असे. बेटांवर वनस्पती पोहोचल्या कशा, एवढे एक वाक्य लिहायचे तर बिया खाऱ्या पाण्यात किती दिवस तग धरतात हे माहीत हवे. म्हणून त्याने घरीच बरण्यांत खारे पाणी भरून बिया भिजत घातल्या. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवसांनंतरही रुजल्या. काही तर १३७ दिवसांनीही जिवंत निघाल्या. (हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा आहे.) कबुतरांच्या जाती समजून घ्यायच्या तर कबुतरे पाळली पाहिजेत, त्याने तीही पाळली. खर्डा फुगत चालला आणि शेवट दूर सरकत गेला. १८५८ च्या जूनपर्यंत दहा प्रकरणे होऊन सुमारे सव्वादोन लाख शब्द झाले होते.

१८ जून १८५८ रोजी मलाया द्वीपसमूहातून आल्फ्रेड रसेल वॉलेस याचे टपाल आले. त्यातल्या छोट्याशा निबंधात नैसर्गिक निवडीचीच कल्पना मांडलेली होती. वीस वर्षांचे काम हातून गेले, असे डार्विनला वाटले. त्याच सुमारास घरात आजारपण होते. २८ जूनला त्याचा धाकटा मुलगा लोहितज्वराने वारला. पुढे काय करायचे ते त्याने लायेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर या दोघा मित्रांवर सोपवले. त्यांनी १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेस आणि डार्विन या दोघांचेही लेखन वाचले जाईल अशी व्यवस्था केली. डार्विन त्या सभेला गेलाच नाही.

जुलैच्या २० तारखेला, आइल ऑफ वाइट बेटावर मुक्काम असताना, त्याने मोठ्या ग्रंथाचा एक 'सारांश' लिहायला घेतला. सोसायटीच्या नियतकालिकात छापता येतील अशी तीसेक पाने होतील, असा त्याचा अंदाज होता. हाच सारांश वाढत वाढत 'ओरिजिन' झाला. सारांश म्हटल्यामुळे सगळे पुरावे देण्याचे ओझे उतरले, तळटिपा गेल्या, आणि जो खर्डा दोन वर्षांत संपला नव्हता तो १८५९ च्या मार्चमध्ये पुरा झाला. सारांश हा शब्द त्याला पुस्तकाच्या नावातही हवा होता. प्रकाशक जॉन मरे याने तो काढायला लावला, हे वाचकांवरचे उपकारच म्हणायचे!

डार्विन खर्डा लिहायचा कसा, याची माहिती त्याच्या आत्मवृत्तात आणि मुलगा फ्रान्सिस याच्या आठवणींत मिळते. मराठीच्या शिक्षकांनाही ती उपयोगी पडावी. आधी दोन-तीन पानांचा ढोबळ आराखडा, मग त्याचा काही पानांचा विस्तार, आणि मग प्रत्यक्ष लेखन. पूर्वी तो प्रत्येक वाक्य मनात घोळवून मगच कागदावर उतरवत असे. पुढे त्याच्या लक्षात आले, की वाईट अक्षरात, निम्मे शब्द अर्धवट तोडून, भराभर पाने लिहून टाकावीत आणि दुरुस्ती नंतर सावकाश करावी, यात वेळ वाचतो. अशी घाईत लिहिलेली वाक्ये पुष्कळदा अधिक चांगली उतरतात, असाही त्याचा अनुभव होता. या लेखनासाठी तो जुन्या मुद्रितांचे आणि हस्तलिखितांचे पाठकोरे कागद वापरी. यात काटकसर होतीच. पण चांगला कोरा कागद पुढे असला की हात आखडतो, हवे तेवढे बेफिकीर लिहिता येत नाही, अशी त्याची तक्रार असे. दोन ओळींत भरपूर जागा सोडलेली असायची. हा खर्डा मग डाउन गावचे शाळामास्तर नॉर्मन यांच्याकडे नक्कल करण्यासाठी जाई. त्यांच्या अक्षराची डार्विनला इतकी सवय झाली होती, की त्यांनी नक्कल केल्याशिवाय त्याला दुरुस्त्या सुचत नसत. आपल्या वर्गात निबंध पहिल्याच फटक्यात नेटक्या अक्षरात, खाडाखोड न करता लिहावा अशी आपण अपेक्षा करतो, तेव्हा हे आठवते.

खर्डा पुरा झाला म्हणून संकटे संपली नव्हती. जीवांच्या भौगोलिक प्रसाराविषयीचे हस्तलिखित वाचण्यासाठी हूकरकडे गेले होते. त्याच्या घरात मुलांच्या चित्रांसाठी कागद ठेवण्याचा एक खण होता आणि हा गठ्ठा चुकून त्यात पडला. हूकर वाचायला बसला तेव्हा जवळजवळ पाव भाग नाहीसा झालेला होता. जुना खर्डा डार्विनने फेकून दिला नव्हता, म्हणून निभावले.

मग मुद्रिते आली. छापलेले वाचताना आपली भाषा त्याला इतकी क्लिष्ट वाटली, की त्याने पानेच्या पाने बदलली आणि जास्तीचा खर्च स्वतः सोसायची तयारी मरेला कळवली. दुरुस्त्यांचे बिल ७२ पौंडांवर गेले. १ ऑक्टोबर १८५९ रोजी मुद्रिते संपली. हे काम तेरा महिने दहा दिवस चालले, असा हिशेब त्याने मांडून ठेवला आहे. २४ नोव्हेंबरला १२५० प्रतींची पहिली आवृत्ती बाहेर पडली.

'ओरिजिन'च्या सुमारे सहाशे पानी हस्तलिखितापैकी आज जेमतेम पंचेचाळीस पाने शिल्लक आहेत. छपाई झाल्यावर डार्विनच्या लेखी ते पाठकोरे कागद होते, आणि त्यांतले काही त्याच्या मुलांनी चित्रांसाठी वापरले. एका पानामागे फळे आणि भाज्यांवर स्वार झालेल्या सैनिकांची लढाई रंगवलेली आहे. हे पान बहुधा त्या चित्रामुळेच वाचले असावे. 'नॅचरल सिलेक्शन' हा मोठा ग्रंथ त्याने कधीच पुरा केला नाही. त्याची पहिली दोन प्रकरणे विस्ताराने १८६८ च्या एका ग्रंथात आली आणि उरलेला खर्डा १९७५ मध्ये छापला गेला. १८४२ चा पेन्सिलीतला पहिला आराखडा मात्र एमाच्या मृत्यूनंतर, १८९६ मध्ये घर रिकामे करताना, जिन्याखालच्या कपाटात सापडला.