नवतपात रेंडर
खोलीतला स्टुडिओ : भाग ६

लग्नपत्रिकेचा व्हिडिओ म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम. गणपती येतो, कमळ उमलतं, सोनेरी अक्षरांत वर-वधूची नावं गिरकी घेऊन स्थिर होतात, मागे सनई, शेवटी मंगल कार्यालयाचा पत्ता. हे बघून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मीही मुरडत असे. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरी जोडलेल्या पीसीवर मोशन ग्राफिक्स शिकणाऱ्या पोराच्या हातात पहिले पैसे बहुतेक याच कामाचे पडतात, आणि पडतात ते एप्रिल-मेमध्ये. लग्नं उन्हाळ्यात, म्हणून काम उन्हाळ्यात. नेमका तेव्हाच पीसी आचके द्यायला लागतो.

मागच्या पाच भागांत आपण एकेक सुटा भाग घेऊन खोका उभा केला. कुठलं कार्ड कुठल्या कार्डापेक्षा किती वेगवान, याचे तक्तेही पाहिले. आता त्या तक्त्यांबद्दलची एक गोष्ट सांगतो, जी मी तेव्हा मुद्दाम मागे ठेवली होती. ते सगळे तक्ते पंचवीस अंशांच्या आतबाहेर असलेल्या गार खोलीत तयार होतात. आपल्याकडे मेमध्ये बाहेर ४५-४६ अंश असतात आणि टिनाखालच्या खोलीत दुपारी चार वाजता किती असतात ते ज्याचं त्याने आठवावं. म्हणून आपल्या भागात यंत्राची परीक्षा वेगावर होत नाही. नवतपाच्या रात्री ते सकाळपर्यंत टिकलं का, यावर होते.

गरमीचं गणित अगदी साधं आहे. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे कार्ड नेहमी खोलीपेक्षा काही अंश वर राहतं. समजा तुमच्या कॅबिनेटमध्ये भरल्या कामावर ते खोलीपेक्षा ४० अंश वर जातं. डिसेंबरात खोली २५, कार्ड ६५, सगळं आनंदात. मे महिन्यात खोली ४२, कार्ड ८२. बऱ्याच कार्डांचा स्वतःला आवरण्याचा आकडा याच सुमारास असतो. तिथे पोहोचलं की ते आपणहून वेग कमी करतं. प्रोसेसरचा आकडा थोडा वर, ९५ ते १०० च्या घरात. म्हणजे तुम्ही पैसे मोजले एका वेगाचे आणि उन्हाळाभर वापरता दुसराच. पीसी बंद पडत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. एवढंच दिसतं की कालपर्यंत ४० सेकंदांत होणारी फ्रेम आज मिनिटभर घेते.

दुसरी बाजू खोलीची. रेंडर चालू असताना साधारण ३५० वॅट वीज खाणारा पीसी ती सगळीच्या सगळी उष्णता म्हणून खोलीत सोडतो. स्वस्थ बसलेला माणूस शंभरेक वॅट उष्णता देतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत तुम्ही एकटे नाही, आणखी तीन-साडेतीन पाहुणे कायमचे येऊन बसलेत. दार-खिडकी लावून बसलात तर दोन तासांत खोली तापते, खोली तापली की कार्ड तापतं, आणि हे चक्र सुरू राहतं. टिनापेक्षा कवेलूची खोली मिळाली तर ती घ्या, मग ती घरात मागच्या बाजूला का असेना.

आता कूलर. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे कूलर झकास चालतो, पण पीसीच्या बाबतीत एक चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो. मीही केली. कॅबिनेटचं झाकण काढून कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. पहिले आठ दिवस तापमान बघून मी स्वतःवर खूश होतो. मग कार्डाच्या पात्यांवर पांढरी खरखरीत पुटं दिसायला लागली. कूलर हवेबरोबर बारीक तुषार फेकतो, आणि बोअरचं जड पाणी वाळलं की क्षार तिथेच राहतात. कूलरने खोली गार करावी, खोक्यावर थेट झोत नको. त्याच्या समोरच्या भिंतीची खिडकी उघडी हवी, म्हणजे दमट हवा कोंडत नाही. झाकण काढून ठेवण्याने फायदा कमी आणि धूळ जास्त. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यात तर सकाळी पुसलेला ओटा संध्याकाळी काळा होतो. समोरच्या पंख्यांना मच्छरदाणीची जाळी लावा आणि महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. हवा आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त ठेवले की फटीफटीतून धूळ शिरत नाही. गडचिरोलीकडे जाळीचा आणखी एक उपयोग आहे. एसएमपीएसमध्ये ऊब शोधत शिरलेली पाल पावसाळ्यात अख्खा पीसी घेऊन जाते.

याहून मोठा उपाय फुकट आहे, आणि तो ऐकून लोकांना वाटतं मी यंत्राचा अपमान करतोय. कार्डाची वीज मुद्दाम कमी करा. उदाहरणार्थ आरटीएक्स ३०६०, बारा जीबीचं, कंपनीच्या हिशेबाने १७० वॅटचं. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विजेची मर्यादा ७५ टक्क्यांवर आणली की ते १२७ वॅटच्या आसपास राहतं. वेग मात्र पाव भागाने पडत नाही, त्याहून बराच कमी पडतो, कारण शेवटचा थोडासा वेग मिळवायला कार्ड वाजवीपेक्षा फार जास्त वीज जाळत असतं. तापून आपोआप मंद होण्यापेक्षा आपण ठरवून मंद केलेलं कार्ड रात्रभरात जास्त फ्रेमा काढतं. स्वतः एकेक रात्र दोन्ही पद्धतींनी चालवून फ्रेमा मोजा.

रात्र म्हटलं, कारण रेंडर रात्रीच करायचा. तीस सेकंदांचा व्हिडिओ, सेकंदाला २५ फ्रेमा, म्हणजे ७५० फ्रेमा. फ्रेमला ४० सेकंद धरले तर आठ तास वीस मिनिटं. जेवणं आटोपून अकराला लावला की सकाळी सव्वासात-साडेसातला संपतो. वीज तीन युनिटच्या आत. दिवसा की-फ्रेम, अक्षरं, रंग, ग्राहकाचे फोन. झोपताना रेंडर.

आणि रात्री दीडला लाईन जाते.

महाराष्ट्रातलं सरकारी मालकीचं सगळ्यात मोठं औष्णिक वीज केंद्र आपल्या उशाला आहे, २,९२० मेगावॅटचं. त्याच्या चिमण्या ज्या गच्चीवरून दिसतात त्या गच्चीखालची लाईन वादळवाऱ्यात जाते तेव्हा माणूस जे बोलतो ते छापता येत नाही. आत गडचिरोलीकडे झाड तारेवर पडलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत नाव नाही. तेव्हा लाईन जाणार हे धरूनच कामाची रचना करायची.

त्यासाठी पहिला नियम : रेंडर कधीही थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका. एमपी४ ची फाइल अर्ध्यात तुटली तर ती बहुधा उघडतच नाही, सहाशे फ्रेमा झालेल्या असोत की सात. प्रत्येक फ्रेम वेगळं चित्र म्हणून पीएनजीत काढा. सगळ्या झाल्या की त्यांची माळ ओवून व्हिडिओ बनवायला दोन मिनिटं लागतात. मग दीडला लाईन गेली तर नुकसान होतं ते फक्त अर्ध्या शिजलेल्या एका फ्रेमचं.

ही युक्ती आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि अंकुर वाढत असताना दिवसांमागून दिवस एकेक फ्रेम टिपली. पडद्यावर तो अंकुर डोळ्यांदेखत वर आला, आणि हे बघून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं राहायला मदत झाली. महिनाभराचं काम, घरातली जागा, एका वेळी एक चित्र. फाळक्यांचा एखादा दिवस चुकला असता तरी बाकीच्या फ्रेमा शाबूत राहिल्या असत्या.

आता यंत्राला स्वतःहून परत कामाला लावायचं. बायोसमध्ये एक सेटिंग असतं : वीज परत आली की पीसी आपोआप सुरू व्हावा. ते चालू करा. विंडोज सुरू होताच ब्लेंडरला तीच फाइल रेंडर करायला सांगणारी दोन ओळींची बॅच फाइल स्टार्टअपमध्ये टाका. ब्लेंडरच्या आउटपुटमध्ये ‘ओव्हरराइट’ची खूण काढून टाका, म्हणजे झालेल्या फ्रेमा सोडून ते पुढे जातं. आफ्टर इफेक्ट्समध्ये याच कामाला ‘स्किप एक्झिस्टिंग फाइल्स’ आहे. एक खड्डा मात्र इथे आहे आणि मी त्यात दोनदा पडलोय. ओव्हरराइटशेजारी ‘प्लेसहोल्डर्स’ नावाची खूण असते. ती चालू असेल तर फ्रेम शिजायला घेतानाच तिच्या नावाची रिकामी फाइल तयार होते. लाईन गेली की ती रिकामी फाइल तशीच राहते, आणि परत सुरू झालेलं ब्लेंडर ‘ही झालेली आहे’ म्हणून तिच्यावरून पुढे जातं. सकाळी व्हिडिओत नवरदेवाच्या नावावर एक काळा झटका. एकच पीसी असेल तर प्लेसहोल्डर्स बंद ठेवा. सकाळी फोल्डर आकारमानानुसार लावून शून्य केबीच्या किंवा संशयास्पद लहान फाइली उडवा आणि तेवढ्याच परत काढा.

यूपीएसबद्दल गैरसमज आहे की त्यावर रेंडर चालतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, तोही काही मिनिटं. तो डिस्क आणि एसएमपीएस वाचवायला, पीसी नीट बंद व्हायला. घरच्या इन्व्हर्टरवर रेंडर लावता येतो, दोनेक तास निघतीलही. पण मे महिन्याच्या रात्री आजीचा पंखा आणि तुमचा रेंडर एकाच बॅटरीवर असतील तर कुणाचा हक्क आधी, ते घरच्यांना विचारण्याची वेळ येऊ देऊ नका. अर्थिंग मात्र तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तिसऱ्या पिनेत काही नाही, आणि कुठलाही यूपीएस त्याला औषध नाही.

इथवरचं सगळं यंत्राचं झालं. पण उन्हाळ्यात रात्र लहान पडते तेव्हा खरी बचत दृश्यातच करावी लागते. इथे लग्नाचा व्हिडिओ सोडून आपल्या दुसऱ्या हंगामाकडे जाऊ. दिवाळीनंतर धान निघालं की वडशाच्या नाटक मंडळ्या बाहेर पडतात, त्या होळीपर्यंत. गावोगाव मंडई नाहीतर शंकरपट, आणि रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं नाटक. याच झाडीपट्टी रंगभूमीवर हयात घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टी हा शब्द पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत नीट छापला गेला. नाटकाची वीस सेकंदांची जाहिरात मोबाइलवर फिरवायची म्हटलं की बहुतेक मागणी ठरलेली : जंगल, धुकं, कंदील, आणि त्यातून वर येणारं नाटकाचं नाव.

जंगल आलं की नवख्याचं कार्ड मान टाकतं. सागाचं एक झाड, समजा तीन लाख बहुभुजांचं. शिफ्ट-डी दाबून त्याच्या ५०० प्रती केल्या तर पंधरा कोटी झाले. बारा जीबीतही ते मावणं कठीण. तेच ऑल्ट-डीने केलं तर मेमरीत झाड एकच राहतं आणि बाकीच्या ४९९ फक्त ‘तेच झाड, इथे, एवढं वळवून, एवढं लहान’ अशा नोंदी असतात. जिओमेट्री नोड्समधली विखुरणीही असंच करते. तीन-चार वेगवेगळी झाडं बनवा आणि प्रत्येक नोंद वळवा, वाकवा. प्रेक्षकाला कळत नाही. ताडोब्याच्या रस्त्यावरून जाताना आपल्याला तरी एक साग दुसऱ्यापासून कुठे वेगळा ओळखता येतो?

चित्रांचा हिशेब असाच. ४०९६ पिक्सेल रुंद-उंच चित्र डिस्कवर दोन-चार एमबीचं दिसतं, पण कार्डात उलगडलं की ६४ एमबी खातं. साल, पान, माती, प्रत्येकाची तीन-तीन चित्रं धरली की अर्धा जीबी असाच जातो. पन्नास पावलांपलीकडच्या झाडाला १०२४ चं चित्र पुरतं, ते चार एमबीत बसतं.

पानांची एक गंमत. पान म्हणजे चौकोनी पत्र्यावर चिकटवलेलं चित्र, पानाबाहेरची जागा पारदर्शक. ब्लेंडरचं सायकल्स इंजिन किरण सोडतं आणि तो अशा पारदर्शक जागांतून आरपार जातो, पण मूळ सेटिंगमध्ये आठच वेळा. दाट जंगलात आठ पत्रे सहज ओलांडले जातात, आणि मग झाडांमध्ये काळे डाग पडतात. सावली समजून मी ते डाग आठवडाभर दिव्यांनी घालवत होतो. मर्यादा वाढवली तर डाग जातात, वेळ मात्र वाढतो. त्यापेक्षा चौकोनाच्या जागी पानाच्या कडेने सात-आठ बिंदूंत कापलेला पत्रा घ्या, रिकामी जागाच उरत नाही. या कामाला साग मोठा सोयीचा, थोड्या मोठ्या पानांत झाड भरतं. बांबूचं बन मात्र रात्र खातं. उन्हाळ्यातलं जंगल दाखवायचं असेल तर आणखी बरं, साग तेव्हा उघडाच असतो.

प्रत्येक कामाला सायकल्स लागतंही नाही. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिसचा ‘फ्लो’ हा पूर्ण लांबीचा सिनेमा ब्लेंडरच्या ईव्ही इंजिनवर, रेंडर फार्मशिवाय निघाला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. ईव्ही किरण मोजत बसत नाही, अंदाजाने रंगवतं. धुक्यातल्या कंदिलाला ते पुरेसं आहे, फ्रेमा काही सेकंदांत निघतात. पारदर्शक काचेचा कलश, सोन्यातली अक्षरं, असं काही जवळून दाखवायचं असेल तेवढेच शॉट सायकल्सला द्या.

पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन बाहेर पडू. हिरव्या जंगलात, हिरव्या लुगड्यातल्या नटीमागे हिरवा पडदा लावला तर काय होतं, आणि निळं कापड वडशाच्या बाजारात कुठल्या पोताचं मागायचं, ते तेव्हा.