सांडपाण्यातले शेवाळ

क्लोरेला आणि सीनेडेस्मस ही गोड्या पाण्यातली सूक्ष्म हिरवी शेवाळे. क्लोरेलाची गोल पेशी जेमतेम 2 ते 10 मायक्रॉनची. एकटी असताना दिसत नाही, पण कोट्यवधी झाल्या की पाणी हिरवेगार करतात. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी हीच शेवाळे सर्वाधिक वापरली जातात.

घरगुती मैलापाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम नायट्रोजन आणि 5 ते 10 मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. ही दोन्ही पिकांच्या खतातली द्रव्ये. नेहमीच्या शुद्धीकरणात सेंद्रिय घाण बरीचशी निघते. ही द्रव्ये काढायला मात्र वेगळा टप्पा लागतो. तो नसला की ती नदीत उतरतात. पुण्याजवळच्या वाकडच्या कडेने वाहणारी मुळा नदी दापोडीला पवनेचे आणि पुण्यात मुठेचे पाणी घेऊन भीमेला मिळते, आणि भीमा उजनी धरणात जाते. वाटेत याच खतावर जलपर्णी माजते, उजनीचे पाणी हिरवे पडते. शेवाळ पद्धतीत ही वाढ नदीऐवजी तलावात होऊ देतात आणि आलेले पीक वेळेवर काढून घेतात.

या तलावांचा पाया विल्यम ऑस्वाल्ड यांनी 1950 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात घातला. तलाव फूटभर खोल आणि धावपट्टीसारखा लांबट वळणाचा असतो. चाकाची पाती पाणी सावकाश फिरवत ठेवतात. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडते, त्यावर जिवाणू घाण कुजवतात आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शेवाळ वापरते. त्यामुळे हवा भरणाऱ्या ब्लोअरची वीज बरीच वाचते. दुपारी पाण्याचा सामू चढतो. त्याने काही फॉस्फेट तळाशी बसते आणि रोगजंतूही मरतात. रात्री मात्र शेवाळ स्वतःच ऑक्सिजन वापरते, आणि पावसाळी ढगाळ हवेत काम मंदावते.

कारखान्यांच्या पाण्याचे गणित निराळे. प्लेटिंगच्या पाण्यातले निकेल, जस्त, क्रोमियम असे धातू पेशीभित्तिकेला चिकटतात. पण प्रमाण जास्त झाले तर शेवाळच मरते. म्हणून आधी रासायनिक प्रक्रिया, आणि उरलेल्या अल्प धातूंसाठी शेवाळ, असा क्रम योग्य ठरतो.

खरी अडचण जागेची. समजा, एखाद्या सोसायटीतून रोज 1 लाख लिटर सांडपाणी निघते. ते सहा दिवस तलावात ठेवायचे, तर 30 सेंटिमीटर खोलीला 2,000 चौरस मीटर, म्हणजे सुमारे अर्धा एकर लागतो. वाकडमध्ये एवढी मोकळी जागा सोसायटीच्या आवारात मिळणे कठीण. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या उभ्या नळ्यांत शेवाळ वाढवले तर जागा कमी लागते, पण खर्च चढतो.

दुसरी अडचण पीक काढण्याची. तलावातल्या लिटरभर पाण्यात सुके शेवाळ बहुधा अर्धा ग्रॅमही भरत नाही, आणि इतक्या बारीक पेशी सहजी खाली बसत नाहीत. त्यासाठी तुरटीसारखे द्रव्य घालून त्यांचे पुंजके करतात, किंवा हवेचे बुडबुडे सोडून त्यांना वर आणून साय काढून घेतात. हा टप्पा चुकला, तर शेवाळासह सगळे खत पुन्हा नदीतच जाते.

घरगुती पाण्यातले शेवाळ बायोगॅसला चालते, नीट प्रक्रिया केल्यावर शेतालाही. धातू शोषलेले शेवाळ मात्र घातक कचरा म्हणूनच हाताळावे लागते. एकूण पाहता ही पद्धत दाट वस्तीतल्या इमारतींपेक्षा, मोकळी जमीन असलेल्या मैलाशुद्धीकरण केंद्रांच्या शेवटच्या टप्प्याला अधिक सोयीची आहे.