सायकल आपली, पानाही आपल्याच हाती

मैत्रिणींनो, राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावे लागते. सायकल घरी येते, पण ती सांभाळायची कशी, हे कोण शिकवणार? साधे पंक्चर झाले तरी भावाला सवड मिळेपर्यंत पोरगी घरीच. चार दिवस शाळा बुडाली की घरचे म्हणतात, "राहू दे आता."

म्हणून हदगावात मी मुलींना आधी हवा बघायला शिकवते. टायर अंगठ्याने सहज दबले तर पंप मारायचा. मग ब्रेक. रबर झिजले की बदलायचे आणि रिमवर तेलाचा थेंबही पडू द्यायचा नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अडकते, ती काडीने काढायची. चेन पुसून शिलाई मशीनचे तेल थेंब थेंब सोडायचे. जास्तीचे पुसून घ्यायचे, नाहीतर धूळ चिकटते.

पंक्चर झाले तर हवा भरलेली ट्यूब पाण्यात धरा. बुडबुडे येतील तिथे भोक. जागा घासून सोल्युशन लावा, ते सुकल्यावरच ठिगळ दाबा. टायर आतून जपून चाचपा. बाभळीचा काटा तसाच राहिला तर पुन्हा पंक्चर ठरलेलेच!

"ताई, हे पोरांचं काम हाय ना?" मुली विचारतात.

"शिलाई मशीनला तेल कोण घालतं गं?" मी म्हणते.

आयांनो, पुढच्या बाजाराला पाना, पंप आणि पंक्चरचे सामान आणाच. आणि पहिले पंक्चर लेकीलाच काढू द्या.